सिल्व्हरस्टोनचा कारखाना, मर्सिडीजचा निरोप आणि होंडाचं इंजिन

शिवडीकर (धागाकर्ता)

२०२५ ची शेवटची, अबू धाबीची शर्यत संपली, मॅक्लारेनचा लँडो नॉरिस दोन गुणांनी जगज्जेता झाला आणि त्याच रात्री आमच्या ग्रुपवर पुढच्या हंगामाचा विषय निघाला. २०२६ पासून ॲस्टन मार्टिन मर्सिडीजचं इंजिन सोडून होंडाकडे जातेय. बहुतेकांना हा शुद्ध वेडेपणा वाटला. ज्या इंजिनावर मॅक्लारेनने लागोपाठ दोन वर्षं संघांचं विजेतेपद मिळवलं ते सोडायचं आणि २०१५ मध्ये ज्या कंपनीने त्याच मॅक्लारेनला रडवलं तिचा हात धरायचा, हे कशासाठी? मला हा निर्णय बरोबर वाटतो. ग्रुपवर एवढं सविस्तर लिहिता येत नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

आधी ही टीम कोणती ते सांगतो. ही आपली फोर्स इंडियाच. एडी जॉर्डन यांनी १९९१ मध्ये एफ-१ मध्ये उतरवलेली टीम पुढे मिडलँड झाली, मग स्पायकर, २००८ मध्ये विजय मल्ल्यांची फोर्स इंडिया, २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईनंतर रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन. दारावरच्या पाट्या बदलत गेल्या, इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनची जागा तीच राहिली. या टीमने किती घरची इंजिनं वापरली बघा: फोर्ड, यामाहा, हार्ट, प्युजो, मुगेन-होंडा, खुद्द होंडा, पुन्हा फोर्ड, टोयोटा, फेरारी आणि २००९ पासून मर्सिडीज. जॉर्डनचा पहिला विजय १९९८ मध्ये बेल्जियमच्या स्पाला आला, तोही मुगेन-होंडाच्या इंजिनावर. १९९२ च्या यामाहाने मात्र अख्ख्या हंगामात एक गुण दिला.

आपल्या आठवणीतली बदली २००८ च्या अखेरची. फेरारीच्या इंजिनावर फोर्स इंडियाने पहिला हंगाम शून्य गुणांवर संपवला. नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की पुढच्या वर्षी इंजिन मर्सिडीजचं आणि गिअरबॉक्स व हायड्रॉलिक्स मॅक्लारेनचं. पहिली शर्यत मार्चच्या अखेरीस, म्हणजे हातात पाच महिनेसुद्धा नव्हते. त्यामुळे २००९ च्या पहिल्या अकरा शर्यतींत एकही गुण नाही. आणि बाराव्या शर्यतीत, स्पाला, जियानकार्लो फिसिकेला पोल पोझिशनवर, म्हणजे सगळ्यात पुढून सुरुवात! शर्यतीत तो दुसरा आला, रायकोनेनच्या मागे एका सेकंदाच्या आत. रायकोनेनच्या फेरारीत केर्स होती (ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरणारी यंत्रणा), सेफ्टी कार गेल्यावर तिच्याच जोरावर त्याने फिसिकेलाला मागे टाकलं. आपल्या गाडीत केर्स नव्हती. पुढे इटलीच्या मोंझाला आपला दुसरा ड्रायव्हर सुटिल चौथा आला. त्या दोन रविवारी मुंबईत कितीतरी घरांत क्रिकेट बंद करून एफ-१ लावलं गेलं असेल.

यातून लोक एक चुकीचा अर्थ काढतात, की चांगलं इंजिन लावलं आणि गाडी पळाली. तसं असतं तर मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीतच पळाली असती. एफ-१ च्या गाडीत इंजिन हा सांगाड्याचाच भाग असतो. पुढे ड्रायव्हर बसतो तो कार्बनचा मोनोकॉक, त्याला मागे इंजिन बोल्टने जोडलेलं, इंजिनाला गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्सवर मागचं सस्पेन्शन. मागच्या चाकांचा सगळा ताण इंजिनाच्या अंगातून पुढे जातो. त्यामुळे इंजिन बदललं की बोल्टच्या जागा बदलतात, क्रँकशाफ्टची उंची बदलते, टाकीचा आकार, रेडिएटरचं माप, एक्झॉस्टची वाट, वायरिंग, सगळंच बदलतं. रेडिएटर मोठा झाला की तो झाकणारा बाजूचा साइडपॉड फुगतो आणि मागच्या पंखाकडे जाणारी हवा बिघडते. म्हणजे इंजिनवाल्यांच्या एका निर्णयाने एरोवाल्यांची, म्हणजे गाडीवरून जाणाऱ्या हवेचं काम बघणाऱ्यांची, मेहनत वाया जाऊ शकते.

ग्राहक टीमची, म्हणजे दुसऱ्याकडून इंजिन विकत घेणाऱ्या टीमची, खरी अडचण इथे आहे. मर्सिडीज आपलं इंजिन आपल्या गाडीला शोभेल असं काढणार आणि तुम्हाला ते जसं आहे तसं घ्यावं लागणार. रेडिएटर इथे हवा की तिथे, हे विचारायला तुम्हाला कोणी बोलावत नाही. ॲस्टन मार्टिनने तर गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शनही मर्सिडीजकडूनच घेतलं होतं, त्यामुळे गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाची रचना दुसऱ्याच्या मर्जीवर. होंडा २०२६ मध्ये फक्त एका टीमला इंजिन देतेय. आता जपानमधल्या साकुराच्या होंडाच्या कारखान्यात जे इंजिन घडेल ते ॲस्टन मार्टिनचे डिझायनर एड्रियन न्यूई यांच्या गाडीसाठी घडेल. या टीमला इतक्या वर्षांत हे सुख क्वचितच मिळालं आहे. म्हणून मला हा निर्णय पटतो.

नवखी प्रेक्षक

शिवडीकर दादा, खूप छान लिहिलंत. मी दोनच वर्षांपासून बघतेय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. मॅक्लारेन ही ग्राहक टीमच ना? मग तिने २०२४ आणि २०२५ मध्ये खुद्द मर्सिडीजच्या टीमला हरवलं कसं? दुसऱ्याचं इंजिन घेऊन जिंकता येत असेल तर ॲस्टन मार्टिनला एवढी जोखीम घ्यायची गरज काय?

अंधेरी अपेक्स

ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. सगळ्या वादाचं मूळच ते आहे. उत्तरासाठी दोन वर्षं शेजारी ठेवून बघा, २०१४ आणि २०२४.

२०१४ मध्ये १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो हायब्रिड इंजिन नवीन आलं. मर्सिडीजच्या टीमने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. त्याच मर्सिडीजचं इंजिन घेणारी मॅक्लारेन पाचवी आली, एकही विजय नाही. मर्सिडीजने टर्बोचे दोन भाग केले होते, हवा दाबणारा काँप्रेसर इंजिनाच्या पुढे, एक्झॉस्टवर फिरणारी टर्बाइन मागे आणि मधून शाफ्ट. ही मांडणी होणार हे स्वतःच्या टीमला गाडीच्या पहिल्या रेघेपासून ठाऊक होतं. ग्राहकांनी ती आपल्या गाडीत नंतर बसवली. मॅक्लारेनचे प्रमुख रॉन डेनिस यांनी त्या काळात उघडपणे भूमिका घेतली होती की ग्राहक इंजिनावर जगज्जेतेपद मिळणार नाही, आणि म्हणूनच ते होंडाकडे गेले.

आता २०२४. २०२२ च्या सुरुवातीला इंजिनांचा विकास गोठवण्यात आला. ताकद वाढवायला परवानगी नाही, फक्त टिकाऊपणाच्या कारणासाठी बदल, तेही मंजुरी घेऊन. त्याआधी २०१८ मध्ये एफआयएने, म्हणजे या खेळाच्या नियामक संस्थेने, सक्ती केली होती की ग्राहकाला तेच हार्डवेअर आणि तेच सॉफ्टवेअर मिळालं पाहिजे. पात्रता फेरीपुरतं ताकद चढवणारे मोडही २०२० च्या मोंझापासून बंद झाले. इंजिन सगळ्यांना सारखं, वर्षानुवर्षं न बदलणारं, त्याचं प्रत्येक माप पाठ झालेलं. मग स्वतः इंजिन बनवणारी कारखाना टीम आणि ग्राहक यांच्यात फरक राहतो कुठे? चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, आणि एरोडायनॅमिक्समध्ये. तिथे मॅक्लारेन सरस ठरली.

थोडक्यात, नियम जुने झाले की ग्राहक बरोबरीला येतो आणि नियम नवे असले की कारखान्याच्या टीमला फायदा. २०२६ मध्ये नियम कोरे करकरीत आहेत. एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढणारा एमजीयू-एच गेला, ब्रेकमधून वीज परत मिळवून चाकांना ताकद देणारा एमजीयू-के १२० किलोवॅटवरून ३५० वर गेला, ताकदीचा जवळजवळ अर्धा वाटा विजेचा आणि इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतलं. बॅटरी कुठे ठेवायची, किती थंड करायची, सरळ रस्त्याच्या शेवटी वीज संपू नये म्हणून कोणत्या वळणावर किती परत मिळवायची, हे सगळं इंजिन आणि चासी या दोघांनी मिळून ठरवायचं आहे. अशा वेळी ग्राहक असणं मला धोक्याचं वाटतं. शिवडीकरांशी सहमत.

जुना रेसवेडा, गिरगाव

मी १९८० च्या दशकापासून हा खेळ फॉलो करतोय. तेव्हा इथे बातमी कळायची ती मासिकांतून, तीही उशिराने. फोर्टच्या फुटपाथवर जुनी परदेशी मासिकं मिळायची.

अंधेरी अपेक्स यांचा नियम बराचसा खरा आहे, पण त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००९ ला नियम पूर्ण नवे होते. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने एफ-१ सोडल्याचं जाहीर केलं. गाडी होंडाच्या इंजिनासाठी काढलेली. टीमचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी टीम वाचवली, मर्सिडीजचं ग्राहक इंजिन मिळवलं आणि ते बसवण्यासाठी तयार चासीच्या मागच्या भागात चक्क कापाकापी करावी लागली. क्रँकशाफ्टची उंची जुळत नव्हती, म्हणून गिअरबॉक्सची जागा बदलावी लागली. तरी जेन्सन बटन जगज्जेता झाला आणि संघांचं विजेतेपदही ब्रॉनचंच. म्हणजे गाडीच मुळात इतकी चांगली असेल तर वाईट रीतीने बसवलेलं इंजिनही चालून जातं. अर्थात त्या गाडीवर होंडाच्या पैशाने वर्षभर आधीपासून काम झालं होतं, हेही खरं.

मॅक्लारेनने याआधीही हा फेरा भोगला आहे. १९८८ ला होंडाच्या इंजिनावर १६ पैकी १५ शर्यती. १९९२ अखेर होंडा गेली. १९९३ ला फोर्डचं ग्राहक इंजिन घेऊन सेनाने पाच विजय काढले, ती त्याच्या हातांची करामत. १९९४ ला प्युजो आणलं, तर हंगामभर एकही विजय नाही, आणि एका वर्षात ते मोडलं. १९९५ ला मर्सिडीज आली. पण मर्सिडीजबरोबर पहिला विजय १९९७ ला, आणि हॅकिनेनचं विजेतेपद १९९८ ला. चौथ्या वर्षी. आजच्या प्रेक्षकांना, आणि कंपन्यांच्या संचालक मंडळांनाही, एवढं थांबायची सवय राहिलेली नाही.

मला मात्र या सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते रेनोचं. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनलाच त्यांनी एफ-१ मध्ये टर्बो आणला. लोक हसले होते, इंजिन धूर सोडत बंद पडायचं. १९७९ ला दिजाँला, स्वतःच्या देशात, त्यांची टर्बो गाडी जिंकली आणि काही वर्षांत सगळ्यांना टर्बो घ्यावा लागला. पुढे विल्यम्स, बेनेटन, रेड बुल यांची कितीतरी विजेतेपदं रेनोच्या इंजिनावर आहेत. त्यांची अल्पीन टीम २०२६ पासून मर्सिडीजचं इंजिन आणि गिअरबॉक्स विकत घेणार. रेनोच्या व्हिरी-शातियोंच्या इंजिन कारखान्यातल्या माणसांनी २०२४ च्या मोंझाला गॅलरीत उभं राहून निषेध केला. त्या लोकांनी २०२६ चं इंजिन बरंच पुढे नेलं होतं, ते कधीच ट्रॅकवर येणार नाही. अल्पीन २०२५ ला शेवटची आली, त्यामुळे हिशोबाने निर्णय बरोबरही असेल. पण इंजिन बनवणारी माणसं घडायला दशकं लागतात.

नवखी प्रेक्षक

काका, दिजाँची गोष्ट माहीत नव्हती, आजच शोधून बघते. शातियोंच्या कामगारांचं वाचून वाईट वाटलं.

पाना नंबर १३

माझा अनुभव एफ-१ चा नाही, पण इंजिन बदलणं हातांनी केलेलं आहे म्हणून लिहिते. आमच्या मुंबईतल्या कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटची, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसची गाडी बांधायच्या स्पर्धेची, टीम होती. सीनियर्सनी गाडी ६०० सीसीच्या चार सिलिंडरच्या बाइक इंजिनावर बांधली होती. नियमाप्रमाणे ७१० सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, पण सगळी हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे मुद्दाम अरुंद ठेवलेल्या तोंडातून, घ्यावी लागते. तिथे मोठ्या इंजिनाचा श्वास कोंडतो आणि त्याची बरीच ताकद कागदावरच राहते. मग आमच्या बॅचने ठरवलं, केटीएम ३९० चं सिंगल सिलिंडर घ्यायचं. वजन कमी, सुटे भाग सहज मिळणारे.

आम्हाला वाटलं, लहान इंजिन मोठ्या जागेत बसवायला काय लागतं. चेसिसच्या मागच्या भागातल्या नळ्या रुंद इंजिनासाठी आखलेल्या. माउंटिंगची एकही जागा जुळेना. स्प्रॉकेट सरकलं म्हणून डिफरन्शियल सरकवलं, ते सरकलं म्हणून ड्राइव्हशाफ्टची लांबी बदलली, आणि मग सस्पेन्शनचे पॉइंट. बेअरिंग आणि बोल्टसाठी नागदेवी स्ट्रीटच्या इतक्या फेऱ्या झाल्या की दुकानदार नुसतं माप ऐकून वस्तू काढून द्यायचे. सिंगल सिलिंडर हवा सलग खेचत नाही, झटक्याझटक्याने ओढतं, म्हणून रिस्ट्रिक्टरनंतरचा प्लेनम, म्हणजे हवा साठवणारा डबा, मोठा करावा लागला. वायरिंग एका पुरवठादाराकडून करून घेतलं होतं, ते चुकीच्या कनेक्टरसह आलं आणि आम्ही रात्री वर्कशॉपमध्ये बसून एकेक वायर मल्टीमीटरवर तपासली. सगळ्यात छळलं ते कंपनांनी. चार सिलिंडरवर कधीच न सैल झालेले बोल्ट इथे आपोआप निघायचे, एक्झॉस्टच्या कंसाला तडे जायचे.

कोइम्बतूरला कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारतमध्ये गाडी धावली, पूर्ण धावली, आणि पुढच्या बॅचने त्याच इंजिनाभोवती चेसिस पहिल्यापासून आखला तेव्हा ती खरी हलकी झाली. म्हणून शिवडीकरांचा मुद्दा मला अंगातून पटतो. पहिल्या वर्षी तुम्ही जुन्या गाडीत नवं इंजिन कोंबता. दुसऱ्या वर्षी गाडी त्या इंजिनाची होते.

होंडाच्या २०१७ च्या कंपनांबद्दल वाचलं तेव्हा मला त्या मेकॅनिक्सची मनापासून कणव आली होती.

अंधेरी अपेक्स

पाना नंबर १३, फार सुंदर प्रतिसाद. यावरून एक गोष्ट आठवली. मॅक्लारेनने २०२१ ला रेनोकडून मर्सिडीजकडे जायचं ठरवलं आणि मध्येच कोविड आला. खर्च वाचवायला सगळ्यांच्या २०२० च्या चासी २०२१ साठी गोठवल्या गेल्या, बदलासाठी प्रत्येक टीमला मोजके टोकन. मॅक्लारेनला ते टोकन मर्सिडीजचं इंजिन बसवण्यातच घालवावे लागले. बाकीच्यांनी वेग वाढवायला वापरले, यांनी इंजिन मावावं म्हणून. तरीही त्याच वर्षी मोंझाला रिकार्डो पहिला आणि नॉरिस दुसरा.

वरळीची खिडकी

मुंबईचा विषय निघालाय तर विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला-ई विसरू नका. महिंद्रा रेसिंगची मालकी आपल्या वरळीची, काम इंग्लंडात. ही टीम २०१४ च्या पहिल्या हंगामापासून आहे. जर्मनीची आब्ट टीम २०२२-२३ ला परतली तेव्हा तिने महिंद्राची पॉवरट्रेन (गाडीला चालवणारी यंत्रणा) विकत घेतली, म्हणजे आपल्या मुंबईची कंपनी पुरवठादार आणि जर्मन टीम ग्राहक. मला त्याचा किती अभिमान वाटला होता!

पण ग्राहक असण्याचा धोका काय असतो तेही तिथेच दिसलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केपटाउनला महिंद्राच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये दोष आढळला, सुरक्षेसाठी त्यांनी गाड्या मागे घेतल्या. आब्टच्या गाडीत मागचा तोच भाग, त्यामुळे त्यांनाही शर्यत सोडावी लागली. त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. दोन हंगामांनंतर आब्टने लोला-यामाहाशी करार केला. मला वाईट वाटलं, पण त्यांना दोष देता येत नाही.

एफ-१ मध्येही असंच झालं. २०१९ च्या फेरारी इंजिनावर शंका घेतल्या गेल्या, एफआयएशी त्यांची तडजोड झाली आणि २०२० ला फेरारी ताकदीत मागे पडली. फेरारी सहावी आली, पण तिचं इंजिन घेणाऱ्या हासला वर्षभरात तीन गुण आणि अल्फा रोमिओला आठ.

मुलुंडकरीण

होंडाला इथे सगळेच थोडं घाबरून बघताहेत. मी होंडाची बाजू मांडते, कारण २०१५ ते २०१७ मध्ये त्यांच्यावर फार अन्याय झाला असं मला वाटतं.

मॅक्लारेनला गाडीची मागची बाजू अतिशय निमुळती हवी होती. त्यासाठी होंडाने काँप्रेसर इंजिनाच्या व्ही आकाराच्या आत बसवला. तिथे जागा कमी, म्हणून काँप्रेसर लहान, म्हणून ऊर्जा कमी मिळे आणि सरळ रस्त्यावर गाडी अर्ध्यात दमायची. म्हणजे दोष इंजिनाच्या मांडणीत होता आणि ती मांडणी चासीवाल्यांच्या आग्रहाखातर होती. पण सुझुकाला, होंडाच्या घरच्या ट्रॅकवर, मॅक्लारेनचा ड्रायव्हर अलोन्सो रेडिओवर सगळ्या जगाला ऐकू जाईल असं 'जीपी-२ इंजिन' म्हणाला, म्हणजे एफ-१ च्या खालच्या मालिकेतलं. त्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या जपानी इंजिनिअरांना काय वाटलं असेल? २०१७ ला होंडाने मांडणी मुळापासून बदलली, त्या बदलाचा त्रास झाला आणि वर्षाअखेर मॅक्लारेन सोडून गेली. रेनोचं इंजिन घेतल्यावर मॅक्लारेनला कळलं की चासीही तितकी चांगली नव्हती. आता दोष द्यायला होंडा नव्हती.

आणि रेड बुलची धाकटी टीम टोरो रोसो काय करते बघा. २०१८ ला तेच होंडाचं इंजिन घेतलं, सबुरीने वागली. दुसऱ्याच शर्यतीत बहरीनला गॅसली चौथा. वर्षभर नवी नवी इंजिनं लावून, ग्रिडवर मागे ढकललं जाण्याची शिक्षा सोसून, त्यांनी रेड बुलसाठी चाचणी केली. २०१९ ला ऑस्ट्रियात रेड बुलचा व्हर्स्टापेन जिंकला, होंडाचा २००६ नंतरचा पहिला विजय. त्याच वर्षी ब्राझीलला व्हर्स्टापेन पहिला आणि टोरो रोसोतला गॅसली दुसरा. २०२१ ला जगज्जेतेपद. २०२३ ला रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या त्या गाडीत साकुराचंच इंजिन होतं. कंपनी तीच. वागवणारी माणसं वेगळी.

रेड बुलही हे अनुभवातूनच शिकली. रेनोबरोबर २०१० ते २०१३ चार विजेतेपदं, आणि २०१४ ला हायब्रिड इंजिन कमी पडल्याबरोबर रोज जाहीर टीका. २०१५ ला नातं तुटायला आलं तेव्हा मर्सिडीजने नाही म्हटलं, फेरारीने हवं ते इंजिन दिलं नाही, होंडाकडे जायला मॅक्लारेनने आडकाठी केली. शेवटी २०१६ ला रेनोचंच इंजिन टॅग ह्यूअर या घड्याळ कंपनीच्या नावाखाली लावावं लागलं.

आता ॲस्टन मार्टिनचा ड्रायव्हर म्हणून अलोन्सो पुन्हा होंडाच्या इंजिनाच्या गाडीत बसणार आहे. मला त्याच्याबद्दल आदर आहे. यावेळी त्याने रेडिओवर सांभाळून बोलावं, एवढीच इच्छा.

परळ पिटवॉल

मी पूर्ण असहमत आहे आणि कारणं देतो.

पहिलं, गाड्यांची संख्या. २०२६ ला मर्सिडीजचं इंजिन आठ गाड्यांत असेल: मर्सिडीज, मॅक्लारेन, विल्यम्स, अल्पीन. फेरारीचं सहा गाड्यांत, कारण हासबरोबर आता कॅडिलॅकही आली. रेड बुल-फोर्डचं चार गाड्यांत. होंडा आणि ऑडी फक्त दोन-दोन गाड्यांत. कोरं इंजिन असताना प्रत्येक किलोमीटरला काहीतरी कळतं. मर्सिडीजला एका शुक्रवारात जेवढं कळेल तेवढं कळायला होंडाला चार शुक्रवार लागतील. शिवडीकर ज्याला सुख म्हणतात, त्याचीच ही दुसरी बाजू.

दुसरं, होंडाने ऑक्टोबर २०२० मध्ये बाहेर पडणार म्हणून जाहीर केलं होतं. ॲस्टन मार्टिनशी करार जाहीर झाला मे २०२३ मध्ये. मधल्या काळात इतर कंपन्या थांबल्या नव्हत्या.

तिसरं आणि मला सगळ्यात गंभीर वाटणारं: इंजिन नवं, गिअरबॉक्स आता स्वतःचा, तोही इतक्या वर्षांनी, मागचं सस्पेन्शन स्वतःचं, इंधन अरामकोचं नवं आणि न्यूई यांची या टीमसाठीची पहिली गाडी. एकाच वर्षी इतकं सगळं बदललं की काही बिघडलं तर दोष नेमका कुठे, हे शोधायचं कसं? पाना नंबर १३ यांनी जे लिहिलं ते वाचून माझी काळजी उलट वाढली. विल्यम्सने २०१४ ला रेनो सोडून मर्सिडीज घेतलं आणि ५ गुणांवरून ३२० वर, नवव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर गेली. चांगलं तयार इंजिन मिळालं की ग्राहकाचंही भलं होतं, नवे नियम असले तरी. ॲस्टन मार्टिनकडे ते होतं.

शिवडीकर (धागाकर्ता)

परळ पिटवॉल, तुमचा तिसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिल्या वर्षी त्रास होईल, कदाचित खूप होईल. विल्यम्सचं उदाहरणही चपखल आहे. पण पुढे बघा, विल्यम्स २०१५ ला तिसरी, मग दोन वर्षं पाचवी, आणि २०१८ ला शेवटची. इंजिन तेच मर्सिडीजचं, मर्सिडीज तेव्हा दर वर्षी जिंकत होती. ग्राहकाला उडी मिळाली, पण त्या उडीनंतर वर चढायला शिडी नव्हती.

फोर्स इंडियाचंही असंच झालं. २०१६ आणि २०१७ ला चौथा क्रमांक, तोही किती कमी पैशात. त्याहून वर जाता आलं नाही, आणि पैसा हे एकच कारण नव्हतं. टीमचे मालक लॉरेन्स स्ट्रोल यांनी त्याच जागी नवा कारखाना बांधला, स्वतःचा विंड टनेल उभारला, न्यूईंना आणलं, मर्सिडीजची इंजिनं ज्यांच्या देखरेखीखाली घडली त्या अँडी कॉवेल यांना आणलं. एवढं करून इंजिन दुसऱ्या टीमच्या गाडीसाठी आखलेलंच लावायचं, तर मग हा खर्च चौथ्या क्रमांकासाठी केला का? जोखीम आहे. पण ही जोखीम घ्यायला नियम बदलण्यासारखी वेळ पुन्हा लवकर येणार नाही.

गाड्यांच्या संख्येबद्दल: रेड बुलने २०१९ नंतर जे मिळवलं ते चार गाड्यांवर. दोन गाड्यांवर काम करणं नक्कीच कठीण. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नवखी प्रेक्षक

दादा, एक शेवटचं विचारते. मार्चमधल्या मेलबर्नच्या शर्यतीआधी चाचण्या होतात, त्यात आपण बघायचं काय? लॅप टाइम बघून काही कळतं का?

शिवडीकर (धागाकर्ता)

लॅप टाइमकडे अजिबात लक्ष देऊ नका. कोणी किती इंधन भरलंय ते बाहेर कळत नाही. लॅपची संख्या मोजा. २०१५ ला हेरेजच्या पहिल्या चाचणीत मॅक्लारेन-होंडाच्या चार दिवसांत मिळून शंभर लॅपसुद्धा झाल्या नाहीत, तेव्हा मर्सिडीज पाचशेच्या वर गेली होती. वर्ष कसं जाणार ते तिथेच दिसलं होतं. ॲस्टन मार्टिनने दिवसाला शंभराच्या आसपास लॅप मारल्या तर वेग कितीही कमी असो, मी निवांत असेन. दुसरं, गाडी गॅरेजमध्ये आल्यावर मागचं इंजिन कव्हर किती वेळा आणि किती वेळ उघडं राहतं ते बघा. आणि सरळ रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात वेग वाढायचा थांबतो की उलट कमी होतो, हे टीव्हीवर आकडे दाखवतात तेव्हा टिपून ठेवा. तिथे वीज संपतेय का ते कळेल. चाचणीचे आकडे आले की मी याच धाग्यावर टाकत जाईन, परळ पिटवॉल यांनीही टाकावेत.